कच्च्या स्लॅबचं घर

आमच्या बांधकामाच्या टोळीत त्याला सगळे स्लॅबशेठ म्हणायचे. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं. तो सेंटरिंगवाला. इमारतीचा स्लॅब ओतण्याआधी खाली प्लेटा बांधायच्या, त्यांना टेकू द्यायचे आणि काँक्रीट पक्कं झालं की तेच टेकू काढून वरच्या मजल्यावर न्यायचे, हे त्याचं काम. जन्मभर लोकांना छप्पर दिलं, पण समुद्राकाठच्या आमच्या गावात त्याचं स्वतःचं घर पत्र्याचं. पाऊस आला की पत्रा गळायचा आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, फोनवर त्याचा उद्धार करायची.

यंदा त्याने लांब सुट्टी टाकली, शेजारच्या जागेत भिंती उभ्या केल्या, सुट्टी संपता संपता स्लॅब ओतला आणि कामावर परत आला. आला तो जमिनीवर पाय ठेवायलाच तयार नाही. चहा पिताना स्लॅब, आंघोळीच्या रांगेत स्लॅब. "वर हत्ती नाचव, टवका उडणार नाही," म्हणायचा. मी गिलावा करतो. त्याच्या भिंतींचा गिलावा मी फुकटात करणार, हे त्याने मला न विचारताच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. करीन, पण काम होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं, अशी अट मी घातली. ती काही त्याला पाळता आली नाही.

वादळाची बातमी आली तेव्हा आम्ही समुद्रापासून खूप लांब, एका अर्धवट इमारतीवर होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ किनाऱ्याला धडकणार होतं, आणि बातम्यांतल्या नकाशात जिथे लाल गोल दाखवत होते तिथेच आमचं गाव. टोळी सगळी एकाच गावची. थाप्या, घमेली टाकून जो तो घरी फोन लावायला लागला.

मी बाबांना लावला. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे, खाडीला लागून असलेल्या मातीच्या घरात. म्हटलं, "बाबा, विचार करत बसू नका. सरळ स्लॅबशेठच्या नव्या घरात जा." आजूबाजूला सगळे आपापल्या घरी हेच सांगत होते. फोन ठेवल्यावर जिवात जीव आला. कुणीतरी म्हणालं, "शेठ, उद्या अख्खं गाव तुझ्याकडे पाहुणं येतंय. भाडं नको घेऊस."

शेठ हसला नाही. उठून पाण्याच्या टाकीमागे गेला. त्याचे आभार मानावेत म्हणून मी मागून गेलो, तर तो फोनवर बोलत होता. "नव्या घराला कुलूप लाव. कुणी कितीही म्हटलं तरी आत घेऊ नकोस. तूही आत थांबायचं नाहीस."

मला वाटलं, सामान आत ठेवलं असेल, त्याची काळजी. माणूस घर बांधतो आणि लगेच कंजूष होतो, असं मनात म्हणत मी परत आलो.

सकाळी बाबांचा फोन आला. "अरे, तुझ्या दोस्ताची बायको नव्या घराचं कुलूप काढत नाही. माणसं दारात पोरंबाळं घेऊन उभी आहेत. वारा सुटलाय."

मी तसाच गेलो आणि त्याची कॉलर धरली. बाकीचेही उठले. त्यांनाही घरून हेच फोन आले होते.

"स्लॅब कच्चा आहे," तो म्हणाला.

"काल तर हत्ती नाचवत होतास."

"ते बोलण्यापुरतं रे. अजून टेकूवर उभा आहे तो. खाली लादी नाही, नुसती माती. पाणी आत शिरलं की माती बसणार, एक टेकू सटकला की अख्खा स्लॅब खाली येणार. तुझे बाबा त्याच्याखाली बसवू? तू सांग, बसवतो."

मी कॉलर सोडली. गिलाव्याचा माणूस असलो तरी ओला स्लॅब म्हणजे काय ते मला कळतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं. मग मीच बाबांना फोन केला. "शाळेत जा, बाबा. वहिनी पण तिकडेच येतील."

"शाळेचे पत्रे वाजतात रे," बाबा म्हणाले.

"भिंती जाड आहेत."

"बरं. तू म्हणतोस तर जातो."

दुपारी फोन बंद पडले. आमच्याकडे नुसता वारा आणि भुरभुर पाऊस. आतल्या खोल्यांचं काम थांबवायचं नाही, असं सुपरवायझरने सांगितलं होतं, म्हणून मी एकच भिंत पुन्हा पुन्हा घासत राहिलो. स्लॅबशेठ खाली टेकूंच्या ढिगावर बसून होता. त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोललं नाही. जेवण पुढ्यात ठेवलं तर ताट सरकवून दिलं.

पहिला फोन लागला तो दुसऱ्या दिवशी, वहिनींचा. तो उभा राहिला, ऐकत राहिला आणि मग फोन माझ्या हातात दिला.

वहिनींचा आवाज बसला होता. शाळेचे पत्रे उडाले होते आणि पत्र्याखालची भिंत आत कोसळली होती. बाकीचे वाचले, कुणाचा हात मोडला, कुणाचा पाय. बाबा भिंतीलगत बसले होते. "माझ्या शेजारीच होते हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "वाटेत मला म्हणाले, सूनबाई, एक कोपरा दिला असतास तरी बसलो असतो. मी म्हटलं, बाबा, मी तरी कुठे आत आहे." मग त्यांना रडू आवरेना.

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, घराचं काय झालं. त्यांनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "उभं आहे. एक टेकू हलला नाही."

गावी जायला मिळेल त्या गाडीने निघालो. स्लॅबशेठ माझ्या शेजारी बसला होता. सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलला. "पडलं असतं तर बरं झालं असतं." माझ्या मनातही तेच होतं. तेवढ्यापुरते आम्ही पुन्हा मित्र होतो.

स्लॅब पक्का झाल्यावर त्याने टेकू काढले. मी दारात उभा होतो. तो एकेक टेकू हळूच सैल करायचा आणि मान वर करून बघायचा. शेवटचा निघाला तरी स्लॅब जागचा हलला नाही. बाबा बसले असते तो कोपरा कोरडा होता. पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं होतं.

आज तो आणि वहिनी त्याच घरात राहतात. जाणार कुठे? वादळाची बातमी आली की दार उघडं ठेवतात आणि माणसं येऊन बसतात. मीही जातो. चहा होतो, गप्पा होतात. स्लॅबची बढाई तेवढी तो मारत नाही. त्याच्यावर माझा राग नाही, हे मी त्याला सांगितलं आहे आणि ते खरं आहे. शाळेत जा असा फोन तर मीच केला होता.

पण भिंतींच्या विटा अजून उघड्याच आहेत. दुसऱ्या कुणाकडून तो गिलावा करून घेत नाही, आणि मला कर म्हणत नाही. थापी घेऊन दोनदा गेलो होतो. वहिनींनी माल कालवायला पाणीसुद्धा आणून ठेवलं. त्या कोपऱ्यापाशी उभा राहिलो आणि तसाच परत आलो.