काडीएवढं नख

माझा मामा सकाळी संगीतशाळेत क्लासिकल गिटार शिकवायचा आणि संध्याकाळी हॉटेलातल्या आमच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक वाजवायचा. एकाच उजव्या हातावर दोन संसार. पहिलीच्या तारा छेडायला नखं लांब लागतात. दुसरीच्या पोलादी तारा तीच नखं कुरतडतात, नाहीतर धरून ठेवतात. मामाने तडजोड काढली होती: काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढंच नख बोटाबाहेर. खिशात कायम पॉलिशपेपर. कुणी हात मिळवायला आलं की हा डावा पुढे करायचा, त्यामुळे निम्मी वस्ती त्याला शिष्ट समजायची.

ड्रमवर माझे बाबा. मी बेस वाजवायचो, म्हणजे दोघांच्या मधे उभा राहायचो.

ज्या संध्याकाळी हे घडलं, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मामाची संगीतशाळेत कायम होण्याची परीक्षा होती. परीक्षेसाठी मामाने नखं दोन काड्यांएवढी वाढवली, आणि त्या संध्याकाळी भर वेगात अंगठ्याचं नख तारेत अडकलं. गाणं कोसळलं. लोक हसले.

मध्यंतरात बाबांनी सामानाच्या खोलीचं दार लावलं.

"काप."

"दाजी, उद्या दुपारपर्यंत नाही."

"नवरी आहेस का रे? काप म्हणतो ना!"

"नोकरीचा प्रश्न आहे माझ्या."

"आणि माझ्या बँडचा? तू शाळेत चिकटलास की मी काय डबे बडवू?"

बाबांनी तारा तोडायची पक्कड उचलली, मामाचं मनगट काखेत दाबलं आणि अंगठ्याचं नख तोडलं. मांसासकट. रक्त माझ्या बुटांवर उडालं.

मामाने डाव्या हाताच्या ठोशाने बाबांचं नाक फोडलं. उजवा हात वर, रिक्षा थांबवल्यासारखा. बाबांनी त्याच्या पोटात लाथ घातली. पडताना माणूस हात टेकतो. मामाने उजवा हात छातीशी घेतला आणि थेट तोंडावर आपटला. दोन दात फरशीवर, चार नखं शाबूत.

"हात टेकायचे ना, गाढवा!" बाबाच ओरडले. घाबरले होते. गुडघ्यांवर बसून दात शोधायला लागले, उजवा हात फरशीवर टेकून.

मामा उठला. त्याने तो हात पाहिला. टाच उचलली.

"मामा, नको!" मी म्हणालो, मधे मात्र गेलो नाही.

हाड सुक्या काटकीसारखं मोडतं म्हणतात. बाबांचं मनगट ओल्या आवाजात मोडलं. मग ते किंचाळले.

दुसऱ्या दिवशी मामा सुजल्या तोंडाने, अंगठ्याला पट्टी बांधून परीक्षेला बसला. अंगठ्याने छेडलेले खालचे सूर फार मऊ लागले म्हणून परीक्षक खूष झाले.

नेमणुकीचं पत्र घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हा आई बाबांना भरवत होती. मनगट आता पूर्वीसारखं वळणार नाही, हे डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

"लागली?" तिने विचारलं.

"हो, ताई."

तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं, परत दिलं.

"छान. आता तिकडेच वाजव. या घरात येऊ नकोस."