घोट्याचा फोटो आणि जोडवी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच. पुढेमागे हे कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, अपार्टमेंटच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. पण सूज उतरेना, आणि उभी राहिले की घोटा आत कलंडायचा. मी घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. एका पायावर उभं राहून किती लाटणार? ऑपरेशन सांगितलं तर काय, या विचाराने जिवाला चैन नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत हाडं दिसतात, हाडांना बांधणारे लिगामेंट दिसत नाहीत, एमआरआय करा. ह्यांच्या नोकरीत इन्शुरन्स नाही. शेजारच्या काकूंनी पैसे उसने दिले, आणि सोबतही आल्या.

एमआरआय काढणारी बाई इंग्रजीत विचारायची, काकू मला मराठीत सांगायच्या. "अंगात काही धातू आहे का गं?" मी नाही म्हटलं. मंगळसूत्र, बांगड्या आधीच काकूंच्या पर्समध्ये होत्या. मग बाईने माझा मोजा काढला आणि थबकली. जोडवी!

"अगं, विचारलं होतं ना तुला!"

"तुम्ही अंगात विचारलंत, काकू. ही अंगावर आहेत."

काकूंना हसू फुटलं, मला रडू. लग्नापासून ती कधी काढली नव्हती, त्यात सुजलेल्या बोटात रुतलेली. निघाली नाहीत तर आजचं कॅन्सल, बाई म्हणाली. काकूंनी पर्समधलं लोशन माझ्या बोटांवर ओतलं. "ओढ. नवऱ्याला काय सांगायचं ते मी बघते." निघाली एकदाची.

मशीनमध्ये नुसता खडखडाट. पाय हलवायचा नव्हता. पाय नाही हलला, पण जीव सारखा वरखाली होत होता.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची काळी दोरी, म्हणजे लिगामेंट, मधेच तुटलेली, उसवलेल्या शिवणीसारखी. काकूंनीच विचारलं, "ऑपरेशन?"

"आधी घोट्याला आधार देणारा बूट आणि व्यायाम. मग बघू."

उन्हाळ्यापर्यंत घोट्याने जोर धरला. ऑपरेशन टळलं, ऑर्डरी परत सुरू झाल्या. जमेल तसे पैसे काकूंना देत गेले, सोबत पोळ्याही. शेवटी त्या म्हणाल्या, "राहू दे गं आता. उरलेलं पोळ्यांत फिटलं."

"पोळ्या पोळ्यांच्या जागी, काकू."

एरवी मी त्यांच्यापुढे मान वर करत नाही. त्या दिवशी पैसे हातात ठेवले आणि मोजायला लावले. सगळे फिटले.