वडिलांच्या वाटचं दूध

सकाळची शाळा असलेल्या मास्तराला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, घड्याळ आणि पोट. घड्याळाने मला कधी दगा दिला नाही. पोटाने मात्र पन्नाशी आल्यावर माझी अब्रू वेशीवर टांगायचं ठरवलं. पाचवीच्या वर्गात अपूर्णांक मांडायला मी फळ्याकडे वळलो, की आतून गडगडाट सुरू व्हायचा. पोरं आधी खिडकीतून आभाळाकडे बघायची. पण सोलापुरात ढगांवर एवढा भरवसा कुणी ठेवत नाही, त्यामुळे आवाज कुठून येतोय हे त्यांना दोन दिवसांत कळलं. दुसरा तास संपायच्या आत मला व्हरांड्याच्या टोकाच्या त्या एका दाराकडे निघावं लागे. पळतोय असं दिसू नये म्हणून मी हात मागे बांधून चालायचो.

डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाता? मी छाती पुढे काढून सांगितलं, "सगळं पौष्टिक. पेलाभर म्हशीचं दूध, ज्वारीचं धपाटं, त्यावर दही."

"दुधातली साखर तुम्हाला पचत नाही," ते म्हणाले. "बऱ्याच जणांचं असं होतं वयाबरोबर. महिनाभर दूध बंद करा, मग बघू."

सल्ला साधा होता. पण तो पाळायचा तर वडिलांना सांगावं लागणार होतं, आणि माझी तेवढी हिंमत नव्हती.

वडील दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, मंगळवेढ्याकडच्या गावातून आमच्या फ्लॅटवर राहायला आले. मेंढरं विकली, म्हैस विकली, सोबत आणली ती एक पितळी किटली. रोज पहाटे ती किटली घेऊन ते वस्तीपलीकडच्या गवळ्याकडे जायचे, समोर धार काढून घ्यायचे आणि पाऊण तासाने परत यायचे. मग स्वतः दूध तापवून पेला माझ्या हातात द्यायचे. स्वतःला मात्र गुळाचा कोरा चहा. घे, म्हणायचे, आणि अंघोळीला जायचे.

हा पेला साधा नव्हता. मी लहान असताना घरचं दूध डेअरीला जायचं आणि मागे तांब्याभर उरायचं. आई दोन वाट्या भरायची, एक वडिलांची, एक माझी. वडील आपली वाटी माझ्यापुढे सरकवायचे. मला नको, पोराला दे, एवढंच बोलायचे. ती वाटी मी कधी विसरलो नाही. शाळेत 'माझे वडील' या निबंधात ती लिहिली. मास्तर झाल्यावर दर वर्षी पाचवीच्या पोरांना सांगितली, आणि सांगताना दर वर्षी डोळे पुसले. आता त्याच माणसाला, तुमचं दूध मला बाधतं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

बायकोने तोड काढली. ते अंघोळीला गेले की पेला पुन्हा पातेल्यात ओतायचा. कुणाचं मन दुखावायला नको आणि दूधही वाया जायला नको.

तरी पोट काही ऐकेना. पंधरा दिवसांनी मी तावातावाने डॉक्टरांकडे गेलो. दूध पूर्ण बंद आहे, म्हटलं, तरी गडगड चालूच. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर पडलं. आमच्या घरात दूध म्हणजे पेल्यातलं. चहातलं ते चहा. खव्याची पोळी हे पक्वान्न. धपाट्यावरचं दही हे तोंडीलावणं. आणि ताक? ताक तर औषधच. माझी धावपळ बघून वडिलांनीच ते सुरू केलं होतं. "पोट बिघडलंय तुजं, ताक पी," म्हणून रोज दुपारी दोन पेले. मी निमूट प्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात मागे बांधून चालायचो. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ही सगळी नावं एका कागदावर लिहून दिली. घरी तो वाचून बायको म्हणाली, "यात फक्त पाणी राहिलंय लिहायचं."

कागद फ्रिजवर लावता येईना, कारण वडिलांना वाचता येतं. तो कपाटात साड्यांच्या खाली गेला. धपाट्याबरोबर दह्याच्या जागी शेंगाचटणी आणि कच्चं तेल आलं, दुपारचं ताक कुंडीतल्या कढीपत्त्याला जाऊ लागलं. कढीपत्त्याला ते फार मानवलं. आठवड्याभरात वर्गात शांतता पसरली. एका पोराने, सर, आता बरं वाटतंय का, असं विचारलं आणि मी त्याला उगाच पाढे म्हणायला लावले.

पण पातेल्यातलं दूध कमी होईना. वडिलांच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत, जन्म जनावरांत गेलेला. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि गवळ्याचं कौतुक करून आले, तुजं माप लई सढळ हाय की. गवळी बिचारा घाबरला. म्हातारा टोमणा मारतोय असं वाटून दुसऱ्या दिवशी त्याने त्यांच्यासमोर तीनदा माप भरून दाखवलं. माप चोख निघालं. त्या दिवशी परत आल्यावर वडिलांनी पेला दिला, टॉवेल खांद्यावर टाकला, पण अंघोळीला गेले नाहीत. बायको पेला पातेल्यात उपडा करत असतानाच ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मामा, ते जरा गार झालं होतं," बायको म्हणाली. पेल्यातून वाफ निघत होती.

मग मी सगळं सांगून टाकलं. "आण्णा, मला दूध सोसत नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. पण तुम्ही स्वतः न पिता मला पाजलंत, म्हणून सांगायला जीभ रेटेना."

वडील स्टुलावर बसले. किटली जवळ ओढून घेतली. मला वाटलं, आता ह्यांना लागलं.

"मी कशाला पितोय," ते म्हणाले. "मला बी कुटं सोसतं? वाटीभर पिलो की दुपारपातूर पोटात नगारा. मेंढरं तशीच सोडून ओढ्याकडं पळायला लागायचं."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"तिला वाटायचं, मी पोरासाटी सोडतोय. लई मान द्यायची त्येच्यापायी. तव्यावरची पयली भाकरी मला. तिचा गैरसमज हुता, पर चांगला हुता. कशाला मोडू?"

बायकोने ओट्याकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला राग यावा की हसू यावं ते कळेना. चाळीस वर्षं मी ज्या त्यागाने गहिवरत होतो, तो वडिलांचा पथ्यपाण्याचा भाग निघाला. पाचवीच्या किती तुकड्यांसमोर मी डोळे पुसले होते, देव जाणे.

"मग आण्णा, घरात चहापुरतं दूध पिशवीचं येतं," मी जरा चिडूनच म्हणालो. "तुम्ही पीत नाही, मी पीत नाही. रोज पहाटे एवढं लांब कशाला जाता?"

"मग सकाळी कुटं जाऊ?" वडील म्हणाले.

त्यांनी ते सहज विचारलं, तक्रार म्हणून नाही. पण माझा राग तिथेच संपला आणि मला माझीच लाज वाटली. दोन वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिशवीचं दूध बंद केलं आणि पहाटे वडिलांबरोबर मीही निघालो. वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. गोठ्यात पोचल्यावर कळलं की वडिलांचं तिथे चांगलंच बस्तान आहे. त्यांनी न विचारता वैरण सारली, एका म्हशीच्या कासेवर हात फिरवून बघितला आणि गवळ्याला तिच्या खुराकाबद्दल दोन शब्द सुनावले. त्याने ते ऐकून घेतले. मग त्यांनी चहापुरतं, पाव लिटर दूध मागितलं.

गवळ्याने घाबरून विचारलं, "का वो आण्णा, मापात काय चुकलं का?"

"न्हाय रं," वडील म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्यो माजा पोरगा. मास्तर हाय. ह्येला दूध सोसत न्हाय. आगदी माज्यावर गेलाय."