आईला खुनी सापडेना

आवडत्या लेखकाच्या नव्या रहस्यकादंबरीचा केवढा गाजावाजा चालला होता! मी अधाशासारखी वाचायला घेतली आणि तिसऱ्याच प्रकरणात खुनी ओळखला. इतका ढोबळ शेवट याला कसा चालला, असं वैतागून मी पुस्तक आईला दिलं. आजवर खुनी माझ्याआधी तीच ओळखत आली आहे.

आज ती खिडकीशी बसून, ओळीवर बोट ठेवत शेवटची पानं वाचत होती. मध्येच चष्मा वर करून म्हणाली, "कोण असेल गं? मला काही सुचतच नाहीये."

थट्टा करतेय, असं वाटलं. पण तिचे डोळे खरंच विचारत होते.

"अवघडच आहे," मी म्हटलं, आणि ते खरं असावं म्हणून ते पुस्तक मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.