पाणीमास्तरची आई

लोक त्याला पाणीमास्तर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. मिशनच्या शाळेत मुलांना अक्षरं शिकवणारा, रविवारी प्रार्थना सांगणारा आणि खिशात कायम पाण्याची छोटी बाटली बाळगणारा हा माणूस. कुणाला साधा खोकला झाला आणि हा दारात दिसला, की म्हाताऱ्या म्हणत, "आला बाई! आता आपलं काही खरं नाही."

त्याला कारण होतं. डोंगरातल्या त्या आदिवासी वस्त्यांमध्ये पहिले फादर आले ते एक खेचर, औषधांची पेटी आणि अमाप चिकाटी घेऊन. आधी गवताची झोपडी, मग पत्र्याचं चर्च, मग दवाखाना, मग शाळा. लोक आधी औषधाला आले, देवाला नंतर. खोटं कशाला बोला? वस्त्या पुष्कळ आणि फादर एक. म्हणून नियम असा, की कुणी मरणाच्या दारात असेल आणि फादर दोन डोंगर पलीकडे असतील, तर मास्तरने कपाळावर पाणी ओतायचं, ठरलेले शब्द म्हणायचे, की झाला बाप्तिस्मा, झालं माणूस ख्रिस्ती. तापाच्या साथीत त्याने घरोघर असं पाणी दिलं. बुडत्याला हात द्यायचा, त्याची परवानगी काय विचारायची, असं त्याचं मत. मत पक्कं होतं, कारण बुडणारं माणूस तोवर परकं होतं.

त्याची बायको, मुलं ख्रिस्ती झाली. आई मात्र जुन्या देवांचीच राहिली. तो विषय काढायचा आणि ती उडवून लावायची. "तुझा देव चांगला असेल रे, पण तिकडे माझ्या ओळखीचं कोण आहे?" तिचा नवरा डोंगरमाथ्यावर, भावकीच्या जागेत पुरलेला. त्याच्या दगडाशेजारची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली. तिथलं गवत ती स्वतः उपटायची, रात्रीचं अंथरूण घालावं तितक्या सहज.

मग साथ त्याच्याच घरात शिरली. आईची शुद्ध हरपली, श्वास अडकू लागला. फादर लांब होते. मास्तर उशाशी बसला, आणि आयुष्यभर इतरांच्या मरणाशी धीटपणे बोललेला तो माणूस लहान मुलासारखा घाबरला. ही अशीच गेली तर मेल्यावरही आपली भेट होणार नाही, एवढंच त्याला कळत होतं. त्याने बाटली काढली.

दारातून बायको म्हणाली, "अहो, आईंना विचारलंत?"

"शुद्धीवर असती तर विचारलं असतं."

"शुद्धीवर असताना विचारलं होतंत ना? काय म्हणाल्या होत्या?"

त्याने झाकण उघडलं. पाणी ओतून मोकळा झाला.

आणि म्हातारी बरी झाली! चार दिवसांत उठून बसली, पेज मागून प्यायली. देवाने तरी माणसाची किती थट्टा करावी? मास्तरने फादरना घडलेलं सांगितलं. फादर नवे होते, तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांना इतका आनंद झाला की रविवारी सगळ्यांसमोर त्यांनी ते जाहीर करून टाकलं. संध्याकाळपर्यंत बातमी डोंगरमाथ्याखालच्या शेवटच्या झोपडीत पोचली.

दुसऱ्या दिवशी काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ, भावकीचे प्रमुख. ओसरीवर बसले, पण पाठ टेकली नाही.

"वहिनी आता तुमच्यातली झाली," ते म्हणाले. "रागाने बोलत नाही मी. पण तुमचं पाणी घेतलेलं माणूस आम्ही वर पुरत नाही. नियम तुमच्याकडे आहेत, तसे आमच्याकडेही आहेत."

मास्तर धावत फादरांकडे गेला. हे काढून टाकता येईल का? फादरांचा चेहरा उतरला. "मास्तर, एकदा दिलेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. उद्या मी म्हटलं, तरी माझाही पुसता येणार नाही."

शेवटी आईला त्यानेच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी वर नाही?"

"नाही."

"असं किती जणांना दिलंस तू?"

"मोजले नाहीत, आई."

"ते मेले," ती म्हणाली, "म्हणून तुला कुणी काही बोललं नाही."

त्यानंतर त्याची झोप उडाली ती उडालीच.

आई भांडली नाही. रोज सकाळी काठी घेऊन डोंगर चढू लागली आणि नवऱ्याच्या दगडाशी बसू लागली. जिवंत माणसाला तिथे मज्जाव नव्हता. सून म्हणाली, "आई, थोडा आराम करा." त्यावर म्हातारी हसली. "मेल्यावर बसू देणार नाहीत गं. आत्ताच बसून घेते."

पाय थकले तेव्हा तिने मुलाला हाक मारली. "मला पाठीवर घे." तिने मागितलेली ती एकमेव भरपाई. मास्तर रोज शाळेआधी तिला वर नेऊ लागला. ती नवऱ्याशी हळू आवाजात गप्पा मारायची, घरातल्या कागाळ्या सांगायची, मुलाच्याही. तो लांब बसून राहायचा. जवळ बसायची त्याची हिंमत होत नसे.

एका सकाळी गप्पा मध्येच थांबल्या. तो जवळ गेला तेव्हा ती दगडाला टेकून बसलेली होती, राखलेल्या जागेतच, आणि संपली होती.

काकांना बोलावणं गेलं. भावकीतले चौघे-पाच त्यांच्यासोबत आले. मास्तर हात जोडून उभा राहिला. काकांनी वहिनीकडे पाहिलं, मोकळ्या जागेकडे पाहिलं. मास्तरला वाटलं, आता हो म्हणतील. काकांनी डोळे पुसले.

"उचल," ते म्हणाले.

त्याने आईला पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. चर्चमागच्या आवारात तिला पुरलं, तिथे त्याची स्वतःची जागाही शेजारीच ठरली. आई आता कायमची त्याच्याजवळ राहणार होती. पाणी ओतताना त्याने हेच तर मागितलं होतं.