यान काय हाय?

आमच्या घरमालकीण काकींच्या तोंडात कुठलाही पदार्थ सुखासुखी जात नसे. आधी त्याची चौकशी व्हायची. नेरुळच्या गावठाणात आम्ही त्यांच्या चाळीतली खोली भाड्याने घेतली, तेव्हा मी नवी सून होते. शेजारधर्म म्हणून सांजोऱ्या घेऊन गेले. काकींनी एक मोडली, हुंगली आणि विचारलं, "यान काय हाय?" यान म्हणजे यात, हे कळायलाही मला वेळ लागला. मी घाटावरची, त्यातून मानी. माझ्या सांजोऱ्यांची ही झडती मला मुळीच आवडली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र त्यांनी चार खाल्ल्या आणि डबा रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात सुका जवळा भरून दिला.

गल्लीतल्या बाकीच्या बायका मसाल्यातला एखादा जिन्नस हटकून पोटात ठेवायच्या. काकी सगळं घडाघडा सांगायच्या, मिरची कुठली आणि धणे किती भाजले इथपर्यंत. मी एकदा म्हटलं, "काकी, सगळं सांगितलंत तर तुमचं वेगळेपण काय राहिलं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "लपवाचा काय त्यान, बाय? खानाऱ्याला कलाला नको?"

मिरच्या घ्यायला त्या मला वाशीच्या मार्केटात घेऊन जायच्या. दुकानदार वरच्या लालभडक मिरच्या पुढे करायचा आणि काकी कोपरापर्यंत हात पोत्यात घालून तळातल्या काढायच्या. "वरचा माल दाखवाला, खालचा माल खावाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दळलेल्या तिखटातली भेसळ त्यांना जिभेच्या टोकावर कळायची.

काकींना शुगर होती. दवाखान्यात पहिल्यांदा गोळ्या मिळाल्या तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाही तोच प्रश्न केला होता. डॉक्टर हसले, पण बिचाऱ्यांनी नीट समजावून सांगितलं. तेव्हापासून काकी त्या गोळ्या न चुकता घेत. गोड सुटलं, चहा बिनसाखरेचा झाला. तक्रार अशी कधी नव्हती.

त्यांचा नरेश म्हणजे एकुलता एक. भातशेती सिडकोत गेली, कारखान्यातली कंत्राटी नोकरीही सुटली आणि पोरगा ओट्यावर बसून राहायला लागला. काकींना दुसरं दुःख नव्हतं. मग नव्वदचं दशक सरता सरता कुणा मित्राने त्याला एका कंपनीच्या मीटिंगला नेलं. तिथून तो टाय लावून आणि व्हिटॅमिन पावडरचे डबे घेऊनच परतला. डब्यावर उगवता सूर्य, हसणारं कुटुंब आणि सोनेरी अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक, संपूर्ण आरोग्य'. लोक त्याला नरेशसर म्हणू लागले. काकी तो टाय रोज स्वतः इस्त्री करायच्या.

पहिला डबा घरातच फुटला. मी समोर होते. नरेशने पेल्यात पावडर ढवळून आईच्या हातात दिली. काकी घोट घेऊन थांबल्या. जिभेने काहीतरी ओळखलं होतं, मला चेहऱ्यावर दिसलं. "गोर लागतं रं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलीत गोड म्हणजे गोर.

"व्हिटॅमिनचा टेस्ट हाय तो, आये. नॅचरल हाय. मीटिंगमधी लोकांनी सांगितला, शुगरवाल्यांच्या गोल्या सुटल्या."

आता विचारतील, मला वाटलं. विचारलं नाही. पेला रिकामा केला आणि पदराने तोंड पुसलं.

गोळ्या बंद झाल्याचं मला महिन्याभराने कळलं. मी भांडले त्यांच्याशी, अगदी तोंड सोडून. "काकी, त्या डब्यात काय आहे ते तरी विचारा." त्यांनी मला शांतपणे गप्प केलं. "माझा पोर देतो, बाय. पोराच्या हातचा काय विचाराचा?" अजूनही आठवलं की राग येतो मला, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

पुढे अंगणात पायाला खिळा लागला. जखम भरेना, काळी पडत गेली. शेवटी हॉस्पिटलात पाय काढला. त्यानंतर काकी फार दिवस राहिल्या नाहीत. तिथेही नरेशने आणलेला पेला त्यांनी परत केला नव्हता.

बारावं झालं, पाहुणे पांगले. नरेश ओट्यावर बसला होता, शेजारी अर्धा डबा. टाय कुठे गेला कोण जाणे. मी चहा घेऊन गेले तर त्याने डबा माझ्यासमोर धरला. बारीक अक्षर इंग्रजीत होतं.

"वहिनी, वाच ना जरा. यान काय हाय?"

मी वाचलं. चार-पाच जीवनसत्त्वांची नावं होती. त्यापुढे 'आणि कंपनीचे खास मिश्रण'.

"खास म्हंजे काय?"

"लिहिलेलं नाही."

"साखर हाय?"

"नाही म्हणूनही लिहिलेलं नाही, नरेश."

त्याने डबा परत घेतला, झाकण काढलं. इतके डबे विकले होते त्याने, पण स्वतः कधी तोंडात घातलं नव्हतं. बोट बुडवून त्याने जिभेला लावलं.

"गोर हाय," तो म्हणाला, आणि रडायला लागला.