तेल्हाऱ्याच्या महालक्ष्म्या आणि गाडीतलं पाणी

यंदा जायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. मधे एकदा जंतुसंसर्ग होऊन ताप चढला, तेव्हा मी पुण्याहून येऊन अमरावतीला ठाण मांडलं. डॉक्टरांनी जाता-येता एकच गोष्ट बजावली होती. थोडी गळती काही महिने राहील, ती हळूहळू जाईल, पण तिच्या भीतीनं पाणी पिणं सोडलंत तर पुन्हा इथेच याल. बाबांनी मान डोलावली. डॉक्टरांसमोर ते नेहमीच मान डोलावतात.

मग तेल्हाऱ्याहून सुमनआत्याचा फोन आला. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, तुम्ही ज्यांना गौरी म्हणता त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, आणि त्यांचं जेवण हा वऱ्हाडातल्या घराघरांतला वर्षातला सगळ्यात मोठा स्वयंपाक. आत्याच्या लग्नानंतर बाबांनी तिच्याकडचं हे जेवण एकदाही चुकवलेलं नाही. पहिल्या पंगतीतलं पहिलं पान त्यांचं असतं. आत्या म्हणाली, "भाऊ, तू नाई आला तं तुयं पान मी तसंच मांडून ठेवीन." बाबांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "गाडीत पेट्रोल हाय ना?"

गाडी म्हणजे बाबांचीच जुनी छोटी गाडी, सगळा पावसाळा अंगणात उभी असलेली. सुरू झाली, टायरमधली हवा ठीक होती, एसी चांगला गार लागला. मला एवढंच कळतं आणि एवढ्यावर मी आजवर बरीच भटकले आहे.

रस्त्याचं सांगायचं तर अमरावतीहून तेल्हाऱ्याला आम्ही वलगाव, दर्यापूर, अकोट असे जातो. अकोल्यावरून हायवे चांगला आहे, पण तो वळसा पडतो आणि बाबांना हायवेवर शेतं दिसत नाहीत म्हणून राग येतो. सकाळी लवकर निघा. वलगावपर्यंत गर्दी असते, फाट्यावरून वळलं की दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन आणि मधूनमधून रस्त्यातले खड्डे. आदल्या दिवशी पाऊस होऊन ऊन पडलं होतं. हवेत असा दमटपणा की काच खाली केली तर चष्म्यावर वाफ यायची. त्यामुळे एसी जोरात होता. बाबा शेजारी बसून कपाशीची पाहणी करत होते. "हे पाहा, याच्यात पानी साचून राह्यलं. मुळ्या सडतीन याच्या," असं शेतागणिक चाललं होतं. मी सुखात होते.

दर्यापूरला नाश्त्याला थांबलो. स्टँडजवळ कुठल्याही गाडीवर गरम आलूबोंडा आणि तर्री मिळते. दोघांचं पोट भरतं आणि पर्सला कळतही नाही. मी गाडीला वळसा घालून बाबांच्या बाजूचं दार उघडलं. त्यांच्या पायाखालची चटई ओली होती. नुसती ओली नव्हे, तिच्यावर पाणी साचलं होतं, आणि पायजम्याची दोन्ही टोकं भिजून घोट्यांना चिकटली होती. बाबा खाली पाहत होते. रक्तातल्या साखरेमुळे त्यांचे तळपाय बधिर आहेत, चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं होतं.

मला काय वाटलं ते तुम्हाला कळलंच असेल. थोडी ओल रोजचीच झाली होती, म्हणून त्यांनाही तेच वाटलं. आणि मी, पुण्यात राहून शहाणी झालेली बाई, चटकन म्हणाले, "अरे, बाटली सांडली वाटतं." टॉवेल घेतला, तोंड दुसरीकडे करून चटई पुसली आणि हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या. बाटली दाराच्या कप्प्यात होती. झाकण लावलेली, गळ्यापर्यंत भरलेली. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. सीटला हात लावून पाहावं, हे मला सुचलं नाही. ती कोरडी ठणठणीत होती, हे नंतर कळलं.

आलूबोंडा त्यांनी खाल्ला, पाणी घेतलं नाही. चहा नको म्हणाले. गाडीत बसताना म्हणाले, "परत फिरव."

"बाबा, आत्या वाट पाहून राह्यली."

"पाहू दे."

मी फिरवली नाही. अकोटला पोचेपर्यंत चटई पुन्हा ओली झाली. मी सरळ पुढे पाहत राहिले. अकोट ते तेल्हारा हा तुकडा खरं तर सगळ्यात सुंदर आहे. उजवीकडे सातपुड्याची रांग सोबत चालते, पावसाळ्यात ती हिरवीगार असते, केळीच्या बागा, पानमळे. जाल तेव्हा जरूर थांबा. मी त्यातलं त्या दिवशी काहीच पाहिलं नाही. मला बाबांचे दोन हात दिसत होते, मांडीवर पिशवी घट्ट धरून ठेवलेले.

आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा गडू आणि पेला. चहा, नाश्ता, चौकशा नंतर. ज्याच्या घरचं पाणी घेतलं नाही त्याच्याशी आपलं काहीतरी बिनसलं आहे, असा त्याचा सरळ अर्थ. आत्यानं स्वतः पेला आणला. बाबा म्हणाले, "नोको." ती हसली, तिला वाटलं भाऊ चिडवतोय. पेला पुढे धरूनच राहिली. बाबांनी तो हातानं बाजूला सारला. आत्याचा चेहरा उतरला. तिनं तो पेला आत नेऊन ठेवला आणि मला भाकर वाढताना माझ्याशीही मोजकंच बोलली.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. हळदीकुंकवाची पावलं, थाळीचा गजर, ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे, सगळं साग्रसंगीत झालं. बाबा बाहेर दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. दरवर्षी मुखवट्यांपुढे समई तेच लावतात. आत्याच्या सुनेनं, म्हणजे वैशालीनं, बोलावलं तर "तुम्ही लावा, माह्यी कंबर धरली" म्हणाले. मी जवळ जाऊन पाणी देऊ केलं, आधी गोड बोलून, मग दटावून. ते दोन घोट घ्यायचे आणि पेला परत द्यायचे.

सकाळी त्यांचे ओठ सुकलेले होते. डोकं दुखतंय म्हणाले. उन्हाची तलखी सुरू झाली होती. मी गोळ्यांच्या पिशवीत थर्मामीटर शोधत होते तेव्हा ते हळूच म्हणाले, "मले पंगतीत बसवू नोको. देवाचं सोवळं हाय. पाटावर काही झालं तं सुमनच्या घरचा महालक्ष्मीचा सैपाक बाटीन." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पुढल्या वर्षीपासून मले आनूच नोको."

मला रडू येत होतं. मी म्हणाले, "असं काही होत नाही बाबा." पुन्हा तेच, गोड आणि खोटं. ताप नव्हता, पण मी ठरवून टाकलं की दुपारपर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर सरळ अकोल्याचं हॉस्पिटल गाठायचं, जेवण राहिलं तर राहिलं.

दहाच्या सुमारास आत्यानं फर्मान सोडलं. केळीची पानं कमी पडत होती, मळा गावाबाहेर, वाट चिखलाची. "शैला, काढ गाडी," म्हणाली आणि स्वयंपाकातून हात पुसत येऊन पुढच्या सीटवर बसली. नवंकोरं लुगडं नेसलेली, डोक्यावरून पदर, तोंडावर कालपासूनचा राग. "लाव ते थंड मशीन," म्हणाली. मी लावलं. मळ्यात तिनं स्वतः पानं मोजून घेतली. परत येताना, मागच्या सीटवर पानांचा भारा ठेवून निघालो, तेव्हा एका खड्ड्यात गाडी दणकली आणि आत्यानं पाय वर घेतले.

"काहून वं पोरी, तुयी गाडी गळून राह्यली?"

"काय?"

"पाय पाहा माह्ये. नवं लुगडं भिजवलं ना."

मी गाडी बाजूला घेतली. डॅशबोर्डच्या खालून, हवेच्या पेटीच्या कडेनं पाण्याचे थेंब एकापाठोपाठ एक तिच्या पायांवर पडत होते. मी हात लावला. बर्फासारखं गार पाणी. मी कितीतरी वेळ तो हात तसाच धरून बसले, आणि मग रडू आलंच. आत्यानं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. दर्यापूरची चटई, बाटली, पायजमा, पाट, सोवळं.

ती ऐकत राहिली. "म्हून पानी नाई घेतलं त्यानं?"

"हो."

"अन् मी रातभर इचार करून राह्यली का माह्यं काय चुकलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "अन् तू त्याले इचारलं काहून नाई? बाप हाय ना तुया. मुतला का म्हून इचाराचं. नाई मुतलो म्हने तो, मंग खाली वाकून पाह्याचं, पानी कुठून येते."

पुण्यात कुणी असं बोललं असतं तर मला ऐकवलं नसतं. तिथे, त्या चिखलाच्या वाटेवर, मला ते वाक्य डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटलं.

आत्यानं मला एसी बंद करू दिला नाही. गाडी थेट ओट्याला लावायला सांगितली, खाली उतरली, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, इकडं ये." बाबा काठी टेकत आले. तिनं त्यांचा हात धरून डॅशबोर्डखाली नेला. "धर."

बाबांनी हात धरला. तळव्यावर एक थेंब पडला, दुसरा पडला. पाय बधिर असले तरी हातांना सगळं कळतं. त्यांनी तो हात चेहऱ्याजवळ नेला, वास घेतला, पुन्हा खाली धरला.

"हे गाडीचं हाय," ते म्हणाले.

"मंग काय तुयं हाय?" आत्या म्हणाली.

बाबा सीटवर बसले, उंबऱ्याकडे तोंड करून, आणि बराच वेळ ओल्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सुमन, पानी आन व." आत्या धावत आत गेली. पंचाहत्तरीची बाई, गुडघे दुखणारी, खरोखर धावली. तो गडू त्यांनी बसल्याबसल्या रिकामा केला. दुसराही.

जेवणाचं वर्णन करायला हवं, नाहीतर तुम्ही मला माफ करणार नाही. ज्वारीची आंबील, पुरणपोळी आणि तिच्यावर तुपाची वाटी, कढी, वडे, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, पंचामृत, तळण. बाबा पहिल्या पानावर बसले. मी मुद्दाम समोर बसले होते. ते एकदा अर्ध्यातून उठून बाथरूमकडे जाऊन आले, पुन्हा बसले, आणि वैशालीला आणखी पोळी मागितली.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांची बोळवण झाल्यावर आम्ही अकोल्यावरून परतलो, गाडी दाखवायची होती म्हणून. वाटेत गांधीग्रामला गूळपट्टी घ्या, हे सांगायला लागू नये. अकोल्यात गॅरेजवाल्यानं गाडी उचलली. एसी चालताना आत जे पाणी तयार होतं ते बाहेर सोडणारी एक बोटभर जाडीची नळी खालच्या बाजूला असते. आमच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. त्यानं तार घातली, मातीचा गोळा पडला आणि मागून तांब्याभर पाणी भसकन आलं. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काढणार असाल तर एवढं करा. दहा मिनिटं एसी लावून खाली पाहा. जमिनीवर पाणी ठिबकत असेल तर सगळं ठीक आहे. ठिबकत नसेल तर ते आत येणार आहे. तिथून मूर्तिजापूर, बडनेरा, सरळ हायवे. बाबांनी शेतं दिसत नसल्याची तक्रार केली आणि मधे दोनदा गाडी थांबवायला लावली. मी थांबवली.

ही सहल मोजून पाहिली तर फार लांबची नाही. सातपुडा पाहायचा राहिला, पानमळेही राहिले. आठवडा झाला आम्हाला येऊन. गाडी अंगणात आहे, चटई वाळली. बाबांची गळती अजून आहे, डॉक्टर म्हणाले होते तशी, कमीजास्त होते. काल दुपारी मी हे लिहायला बसले होते तेव्हा त्यांनी आतल्या खोलीतून हाक मारली. मी उठून दारात गेले. ते पलंगाच्या कडेला बसले होते, शेजारी रिकामा गडू.

"शैला, पायजमा ओला झाला," ते म्हणाले. "आज गाडीचं नाई, माह्यंच हाय. दुसरा दे, अन् च्या ठेव."